जवळ्याचा वास

कँटीनमागच्या असेंब्ली पॉइंटवर एकूण बेचाळीस माणसं उभी होती. तेवीस कायम कामगार, चौदा कंत्राटी, दोन टँकर-ड्रायव्हर, गेटवरचा वॉचमन, शिफ्ट इन्चार्ज नंदकुमार सर आणि मोजणारी उन्नती स्वतः. सकाळी गेटवर पंच झालेली कार्डंही बेचाळीसच होती.

"टॅली झाली," नंदकुमार सर म्हणाले आणि त्यांनी रुमालाने मान पुसली. "कोणी राहिलं नाही."

उन्नती कुंपणाकडे बघत होती. कुंपणापलीकडे पांढरं धुकं जमिनीला चिकटून खाडीच्या काठाने सरकत होतं. तिथे गावातल्या बायका जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालायच्या. त्यांची कार्डं कुठल्याच गेटवर पंच होत नव्हती.

"सर, बाहेर बायका आहेत."

"सायरन ऐकून पळाल्या असतील."

"सायरन आपल्या बाजूला वाजला. आठ नंबरच्या सेन्सरचा. त्यांच्या बाजूच्या सात नंबरला धुक्याची नुसती कड लागली, तो वाजलाच नाही."

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. सात नंबर का वाजला नाही, हे त्या बेचाळीस माणसांत दोघांनाच माहीत होतं.

जेटीवरून कारखान्यात येणाऱ्या अमोनियाच्या पाइपलाइनचा एक जोड फुटला होता. कंट्रोल रूममधून दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद झाले होते, पण मधल्या तुकड्यात भरलेला द्रव वाट मिळेल तिथून बाहेर पडत होता. औद्योगिक वसाहतीची अग्निशमन गाडी आली तेव्हा उन्नती पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून तयार होती. सेफ्टी ऑफिसरची ही तिची पहिलीच नोकरी. मास्क तिने याआधी फक्त ड्रिलमध्येच चढवला होता.

जवानांनी धुक्याच्या तोंडावर पाण्याचा पडदा धरला. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो. पडदा पुढे सरकला तसं मैदान दिसू लागलं. निळ्या ताडपत्र्या, उलटलेल्या पाट्या, इकडेतिकडे पडलेल्या चपला. बायका वाऱ्याला आडव्या पळून खाडीच्या कडेने वाचल्या होत्या. एक सोडून.

विमलबाई शेवटच्या ताडपत्रीवर गुडघ्यांवर बसली होती. पदराचा बोळा तिने नाकातोंडावर दाबून धरला होता. डोळे मात्र उघडे राहिले होते. उन्नतीने आणि एका जवानाने तिला उचलून गाडीपाशी आणलं, आडवं केलं आणि तिच्या डोळ्यांवर पाण्याची धार धरली. विमलबाई पापण्या घट्ट मिटायची, आणि दर वेळी उन्नतीला त्या बोटांनी उघडाव्या लागायच्या.

"उघडा मावशी. उघडे ठेवा."

अँब्युलन्स निघून गेल्यावरही उन्नतीची बोटं तशीच वाकडी राहिली होती.

*

दिवाळीनंतर सात नंबर पहिल्यांदा वाजला होता. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे पंचवीस भाग झाले, म्हणजे पंचवीस पीपीएमला, सेन्सरने ओरडायचं, असं त्याचं सेटिंग होतं. त्या दिवशी तो चाळिशीच्या वर गेला. सगळा कारखाना कँटीनमागे जमला, मोजणी झाली, आणि मग उन्नती जोडापाशी गेली. ओला लाल लिटमस तिने जोडाभोवती फिरवला. अमोनिया असता तर तो निळा झाला असता. तो लालच राहिला.

असंच पुढे दोनदा, तीनदा झालं. प्रॉडक्शनवाले वैतागले. "मॅडम, तुमच्या सेन्सरला एकदा डॉक्टरकडे न्या," असं कोणीतरी कँटीनमध्ये म्हणालं, आणि सगळे हसले.

मग एका सकाळी सेन्सरखाली उभी असताना तिला वास आला. कुंपणाला अगदी लागून ओला जवळा पसरलेला होता. तिने सेन्सरचं मॅन्युअल काढून पाहिलं. अमोनियाच्या जातीच्या दुसऱ्या काही वायूंनाही तो फसू शकतो, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं, आणि मासळी कुजू लागली की नेमके तसेच वायू निघतात, हे ती एम.एस्सी.ला शिकली होती. मागे वळून पाहिलं, तर प्रत्येक अलार्मच्या दिवशी बाहेर जवळा होता. अवघड गणित सुटावं तसा तिला आनंद झाला होता.

"तुझी डिग्री कामाला आली म्हणायची," नंदकुमार सर म्हणाले होते. "आता त्या बायकांना तिथून हलवू. कुंपण पुढे नेऊ."

"कशाला, सर? पिढ्यान् पिढ्या वाळवतायत त्या तिथे. आपण सात नंबरचं सेटिंग वर नेऊ. खरी मोठी गळती झाली तर आठ नंबर आहेच."

सरांनी तिच्या शब्दावर सही केली. पंचवीसचे दीडशे झाले. आपण गावाची जागा वाचवली, या विचाराने त्या दिवशी तिला जेवणही गोड लागलं होतं. पुढच्याच आठवड्यात विमलबाईने कुंपणाच्या जाळीतून सुक्या जवळ्याची पुडी तिच्या हातात दिली.

"काय गो भोंगेवाली, तुजे भोंग्याला आता मासलीचा वास सोसतो का?"

"सवय झाली त्याला, मावशी."

"मग बरा हाय. आमचे जावयाला अजून नाय झाली."

*

हॉस्पिटलात विमलबाईच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. तिची सून जाई स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती. उन्नती आत आली तशी जाईने फक्त पाय आखडून वाट दिली.

"कोन?" विमलबाईने विचारलं.

"मी उन्नती, मावशी. कंपनीतली."

"भोंगेवाली." विमलबाईने हवेत हात चाचपला. उन्नतीने तो धरला. "बाय, एक सांगायचा व्हता तुला. माजीच चुकी झाली."

"तुमची कसली चूक?"

"तुमचे साहेब येऊन गेले. बोलले, मासलीचे वासानं मशीन खोटी खोटी वाजायची, म्हनून तिचा आवाज कमी केला व्हता. आमी तिथं पसरवायलाच नको व्हता. तू आमचेसाठी भांडलीस, आनि आमी तुलाच गोत्यात आनली."

उन्नतीला बोलायचं होतं. सेटिंग मी बदललं, एवढंच वाक्य होतं. ते न बोलता तिने विमलबाईचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि तिने आपल्याला माफ केलं असं समजून विमलबाईने मान डोलावली.

जाई तिला सोडायला जिन्यापर्यंत आली.

"उजवा डोला गेला, डॉक्टर बोलले. डाव्याचं अजून सांगत नायत." ती हळू आवाजात बोलत होती. "आनि तुमचे साहेब बोलतात, मैदान बंद. कुंपन पुढं येनार. आता भांग हाय, भरतीला जोर नाय, जाल्याला काय लागत नाय, म्हनून सगल्या गप हायत. उधान आला की जवला येईल. मग तो काय आमच्या डोक्यावर वालवायचा?"

उन्नती बसस्टॉपपर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. जाईचं एक वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. उधाणाला जवळा येतो. पण जेटीवर अमोनिया घेऊन येणारा बार्जही उधाणालाच येतो, कारण एरवी जेटीपाशी त्याला पुरेल इतकं पाणीच नसतं. म्हणजे जवळा पसरलेला असतो त्याच सकाळी पंप सुरू होतो. पंप सुरू होताना लाइनला धक्का बसतो. त्या धक्क्याने जोडाच्या फटीत बसवलेलं गॅस्केट थोडा वेळ गळून पुन्हा बसत असेल, तर? बेचाळीस माणसं मोजून, ऑल क्लिअर घेऊन, लिटमस हातात घेऊन ती तिथे पोचेपर्यंत जोड पुन्हा कोरडा झालेला असणार.

दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. तिने त्यातली एक उचलली होती. दुसरी बंद ठेवून पहिली एकटी तपासायची, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षातलं पोरही करतं. तिने केलं नव्हतं. मॅन्युअलमध्ये उत्तर सापडलं आणि तिला तेवढं पुरलं.

*

"रिपोर्ट तयार आहे," नंदकुमार सर म्हणाले. "उद्या बेलापूरला कारखाना निरीक्षकांकडे जाईल. मासळीमुळे खोटे अलार्म, म्हणून सेटिंग बदललं, आता कुंपण पुढे नेणार. तुझं नाव कुठेच नाही."

"मला आधी टेस्ट करायचीय, सर. लाइन रिकामी आहे. उधाण लागलंय. जवळा नेहमीच्या जागी पसरायचा आणि सात नंबर किती दाखवतो ते बघायचं."

"आणि आकडा पंचवीसच्या वर गेला तर?"

"तर रिपोर्ट बरोबर. बायकांची जागा जाईल."

"आणि नाही गेला तर?"

"तर ते अलार्म खरे होते. जोड तेव्हापासून गळत होता आणि मी त्याचं तोंड दाबलं. मग तसं लिहायचं. माझ्या नावानिशी."

"सही माझीपण आहे गं," सर म्हणाले. मग उठले आणि हेल्मेट घेतलं.

जाई गावातल्या दोघींना घेऊन आली. त्यांनी पाट्या उतरवल्या, ताडपत्री कुंपणाला लावून अंथरली आणि रोजच्या हाताने जवळा विस्कटून टाकला. उन्नतीने आधी सेन्सरला सिलिंडरमधून पंचवीस पीपीएमचा गॅस दिला. सेन्सरने पंचवीस दाखवले. गॅस काढल्यावर तो शून्यावर आला. मग ती बाजूला झाली.

ऊन चढलं. जवळा आधी पाणचट होता, मग चमकू लागला, मग त्याचा तो उग्र वास सुटला. वारा खाडीकडून थेट सेन्सरवर येत होता. मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या नंदकुमार सरांनी नाकाला रुमाल लावला. जाईने एकदा येऊन जवळा उलटा केला, जसा करतात तसा, आणि परत जाऊन उकिडवी बसली. उन्नतीची नजर पडद्यावरून हलली नाही.

दुपारी जवळा वाळून कडक झाला, तेव्हा तिने दिवसभरातला सगळ्यात मोठा आकडा मोठ्याने वाचला.

दोन पीपीएम.