भिंतीवरचा बार

मित्रांनो, मी ठासणीचे पिस्तूल आहे. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग शिशाची गोळी, ती गजाने खोलवर ठासायची, मागच्या बोंडावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा, अशी माझी जात. दिसायला मी दोनशे वर्षांचा वाटतो. पण माझा जन्म कारखान्यात झाला, आणि तोही अर्धाच. नळी, ओबडधोबड लाकडी दस्ता, पितळेचे तुकडे आणि स्क्रूंची पुडी असे सुटे सुटे मला एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भरले आणि टपालाने केंटकीच्या डोंगरात धाडले. जोडायचे काम घेणाऱ्याचे.

मला मागवले होते व्हर्लिन स्टिडमने. तो कोळशाच्या खाणीत काम करायचा. पण त्याच वर्षी त्याला मुलगी झाली, डार्ला. मग दुहेरी पाळ्या आल्या, संप आले, आणि मी पलंगाखालीच राहिलो. पंचवीस वर्षे. नळीवर गंज चढला. व्हर्लिनची बायको ओमा झाडताना मला झाडूने आणखी आत ढकलायची.

शेवटी कोळशाच्या धुळीने व्हर्लिनची फुप्फुसे निकामी केली आणि डॉक्टरांनी त्याला खाण सोडायला लावली. चार पायऱ्या चढला तरी त्याला धाप लागायची. बसून करता येईल असे काम शोधता शोधता त्या हिवाळ्यात त्याने मला बाहेर ओढले.

शेजारचा एस्टिल बघायला आला. तोही खाणीतलाच. त्याने माझा दस्ता उचलून डोळ्यासमोर धरला आणि म्हणाला, "हे पिस्तूल आहे की पलंगाचा पाय?"

"तू तुझी कॉफी पी," व्हर्लिन म्हणाला.

"नाही, बरोबर आहे. पलंगाखालीच होतं ना इतकी वर्षं!"

मी खरोखरच वाईट घडवलेला होतो. नळी दस्त्यात बसत नव्हती, मध्ये नखाएवढी फट राहायची. घोडा टोपीवर सरळ न पडता कडेला आपटायचा. चाप इतका जड होता की ओढताना नेम हलायचा. व्हर्लिनने नळीला काजळी फासली, दस्त्यात दाबली, आणि जिथे काळा डाग उठेल तेवढेच लाकूड तासले. पुन्हा काजळी, पुन्हा तासणे. असे कितीदा झाले, मला सांगता येणार नाही. घोडा तापवून त्याने तो केसभर वाकवला. चापाचे आतले दात तेल लावलेल्या दगडावर घासून आरशासारखे केले. खोकल्याची उबळ आली की तो मला टेबलावर ठेवायचा, ओसरली की पुन्हा उचलायचा. वसंतात मी तयार झालो, तेव्हा एस्टिलने मला हातात घेतले आणि थट्टा केली नाही. आयुष्यात मला मिळालेले सर्वांत मोठे कौतुक तेच.

पुढची तीन वर्षे दर शनिवारी आम्ही एस्टिलच्या शेतामागच्या मातीच्या बांधावर नेम धरत असू. व्हर्लिनचा एक नियम होता, आधीच्या बंदुकांपासूनचा. भरलेले हत्यार घरात न्यायचे नाही. बार उडाला नाही, तर तो मातीकडे तोंड करून तिथेच रिकामा करायचा. डार्ला लहान असल्यापासून हे ऐकत आली होती.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी त्याने मला भरले, नेम धरला आणि चाप ओढला. टोपी फुटली, टच् असा आवाज झाला, पण बार उडाला नाही. माझ्या बोंडाच्या छिद्रात तेलाचा गोळा अडकला होता, म्हणून ठिणगी दारूपर्यंत पोहोचली नाही. व्हर्लिनने मला तसेच मातीकडे रोखून धरले. मिनिटभर थांबायचे असते. त्याच मिनिटात त्याला उबळ आली. ती थांबलीच नाही. तो गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर पडला. एस्टिलने माझ्याभोवतीची त्याची बोटे सोडवली, मला गाडीच्या सीटवर टाकले आणि त्याला घेऊन दवाखान्याकडे सुटला.

संध्याकाळी त्याने मला ओमाच्या हातात दिले. "यात..." एवढे त्याने म्हटलेही.

"श्वास घेतोय ना तो?" ओमाने विचारले.

"घेतोय. घशात नळी घातलीय."

राहिलेले शब्द राहूनच गेले. अकरा दिवसांनी व्हर्लिन गेला. ओमाने मला भिंतीवर, त्याच्या फोटोखाली दोन खिळ्यांवर ठेवले. नवऱ्याच्या हातची वस्तू म्हणून ती मला रोज पुसायची. माझ्या पोटात जिवंत बार होता, आणि ती माझे तोंड आपल्या छातीकडे करून मला पुसायची. काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही. मला ओरडता येत नव्हते.

अशी सहा वर्षे गेली. मग डार्लाने मला खाली काढले. ती गावातल्या कारखान्यात वेल्डिंग करायची. तिने जोडलेल्या सांध्यावर कोणी बोट ठेवत नसे. माझे बोंड गंजले होते. नवे बसवावे, बाबांच्या पिस्तुलाचा पुन्हा आवाज व्हावा, असे तिच्या मनात आले.

"त्यांनी एवढं सुधारलं, उरलेलं मी करते," ती आईला म्हणाली.

तिने दस्ता वेगळा केला आणि माझी नळी शिकंज्यात पकडली. बोंड पान्याने हलेना. तेव्हा तिने गॅसची ज्योत पेटवून माझ्या बुडाशी धरली, आणि बाकीची नळी तापू नये म्हणून डाव्या हाताने ओले फडके माझ्या तोंडावर दाबून धरले. आत काय आहे हे पाहायचे तिच्या मनातही आले नाही. बाबा भरलेले हत्यार घरी आणत नसत.

बार उडाला. तिच्या डाव्या हाताची तीन बोटे आणि अर्धा तळवा गेला. वेल्डिंगला दोन हात लागतात, मित्रांनो.

ती दवाखान्यातून परतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी एस्टिल आला. मी तुकड्यांत स्वयंपाकघराच्या टेबलावर होतो. ओमाने त्याच्यासमोर मक्याचा पाव ठेवला. त्याने पावाला हातही लावला नाही.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?" डार्लाने विचारले.

"त्यात बार आहे ते. त्या दिवशी गडबडीत राहून गेलं. मग दफनाच्या वेळी आठवलं. म्हटलं, आत्ता कुठे सांगायचं. मग महिना झाला. इथे जेवायला यायचो, तर समोर भिंतीवर हे. सांगावं म्हटलं, तर तुम्ही विचाराल, इतके दिवस का नाही बोललास? दर वर्षी सांगणं जास्तच अवघड होत गेलं."

मग ओमा हळूहळू खुर्चीवर बसली. तिने डाव्या हाताची मूठ केली आणि उजव्या हाताचे बोट त्या मुठीत वरून आत खुपसले. पुन्हा बाहेर काढले, पुन्हा खुपसले.

"शेवटचे तीन दिवस तो असं करून दाखवायचा," ती म्हणाली. "घशात नळी, बोलता येईना. मला वाटलं, लग्नाची अंगठी मागतोय. नर्सने काढून ठेवली होती ना. मी ती आणून त्याच्या बोटात घातली. तो रडायला लागला. मी सगळ्यांना सांगत सुटले, शेवटी माझ्या नवऱ्याने अंगठी मागितली..."

तिचा हात तसाच राहिला. माझ्या नळीत गज ठासताना मी व्हर्लिनचा हात हजार वेळा पाहिला होता. ती खूण मला लगेच कळली. डार्लालाही कळली, तिचा चेहरा मला दिसत होता. एस्टिलने मान खाली घातली.

डार्लाने आपला धड हात आईच्या मुठीवर ठेवला.

"अंगठीच मागत होते ते, आई," ती म्हणाली. "दुसरं काय मागणार?"

ओमाने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. "हो ना?" तिने विचारले.

"हो."

मित्रांनो, मला पुन्हा कोणी जोडले नाही. माझा दस्ता एका खणात आहे, नळी दुसऱ्यात. मला तेल लावा, मला जपा, असे मी सांगणार नाही. एवढेच सांगतो. जुन्या हत्याराला कधी रिकामे समजू नका, मग ते कोणाच्याही हातचे असो. आणि तुमच्या ओठांवर कोणाच्या जिवाशी संबंध असलेली एखादी गोष्ट अडली असेल, तर कितीही वर्षे उलटली असोत, आज जाऊन सांगा. लाज वाटेल. वाटू द्या.