गोठ्यातली माझी खोली

“बाबा, गोठ्यात आधी मी राहायला जाणार, की गाई परत येणार?”

हे गवंडीकाकांच्या देखत विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. दाखवलं. आईने गोठ्याच्या दारात चहा ओतता ओतता ओठ दाबले. बाबांनी भिंतीवरचा हातसुद्धा काढला नाही.

“ठमाबाई, पणजोबांच्या वेळची दगडी भिंत आहे. वेळ लागतो.”

गोठा पाडायचा नाही, नीट करायचा. खाली बाबांचं ऑफिस, वर चाऱ्याच्या माळ्यावर माझी खोली, हे मी सातवीत असताना ठरलं. आता दहावी आली. दादाच्या अभ्यासापायी मी अजून हॉलमधल्या सोफ्यावर झोपते. माझी पुस्तकं टीव्हीखाली, कपडे इस्त्रीच्या टेबलाखाली. आणि इकडे भिंतीला ओल येते, रंगाचे पापुद्रे सुटतात, बाबा खरवडतात, परत गिलावा, परत रंग. पालथ्या घड्यावर पाणी, तेही ऑइलपेंटचं.

“या खेपेला भारीतला लावू,” बाबा म्हणाले.

“लावू की,” गवंडीकाका म्हणाले. त्यांचं काय जातंय?

मी तणतणत माळ्यावर गेले. कोपऱ्यात जुन्या फळ्या रचून ठेवल्या होत्या. रागारागाने एक ओढली, तर मागे हातभर उंच झरोका. असे झरोके गोठ्याला चारी बाजूंनी होते. धूळ येते, पाली येतात म्हणून बाबांनीच सिमेंट भरून बुजवले. हा तेवढा फळ्यांआड राहून गेला. आणि त्याच्या आजूबाजूची भिंत खडखडीत कोरडी.

बाबांना धरून वर आणलं. त्यांचा तळवा तिथे टेकवला, मग बुजवलेल्या झरोक्याखाली. हात ओला झाला. त्यांनी तो गुपचूप पँटला पुसला.

“योगायोग असेल. आधी रंग तर होऊ दे.”

“अहो, इतकी वर्षं रंगच तर होतोय,” आई खालून म्हणाली.

मी खाली उतरून घरात गेले. सोफ्यावरची उशी-चादर काखेत मारली, गोठ्यात परतून गवंडीकाकांच्या पिशवीतून छिन्नी-हातोडी उचलली आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर उभी राहिले.

“आई, बाबा, मी आजपासून माळ्यावर राहणार. रंग नको, गिलावा नको. सगळे झरोके उघडायचे. पहिला माझ्या उशाशी आहे, तो मी आत्ताच फोडतेय.”