म्यूर्सोची उभी बाटली

"दुपारपर्यंत सांग, आई. मला नाशिकला कळवायचंय." एवढं बोलून क्षितिजा चहाचा कप अर्धा टाकून खाली तळघरात निघून गेली, आणि शारदाबाईंनी पोह्यांची बशी बाजूला सारली.

कशाबद्दल सांगायचं ते दोघींनाही माहीत होतं. पौड मागे टाकून धरणाकडे निघालं की डाव्या हाताच्या टेकाडावर त्यांची छोटीशी वाइनरी आहे. मुळशीच्या पावसात द्राक्ष तग धरत नाही, ते नाशिककडून ट्रकने येतं. पण तळघराचा गारवा इथला, आणि तो एकनाथरावांनी हेरलेला. एकनाथराव गेले, वाइनरी बायकोच्या, शारदाबाईंच्या हाती आली. यंदाची शार्दोने, म्हणजे त्या जातीच्या द्राक्षाची पांढरी वाइन, उन्हाळ्यापासून ओकच्या लाकडी पिंपांत पडून होती. शारदाबाईंना ती अजून महिनोन् महिने तिथंच ठेवायची होती, आठवड्याला तळाचा गाळ ढवळत. क्षितिजाला ती आजच स्टीलच्या टाकीत काढायची होती. आईचाच हेका चालला, तर लेक नाशिकच्या मोठ्या वाइनरीत नोकरीला जाणार. तिनं काही लपवून ठेवलं नव्हतं.

शारदाबाई जिना उतरून खाली आल्या तेव्हा तळघरात कामाला असलेला किशोर पंपाचा पाइप खांद्यावर घेऊन उभा होता.

"काकू, जोडू का न्हाई? ताई म्हंत्यात जोड, तुमी काल म्हन्लात हात लावू नगं."

"थांब जरा."

"थांबलोच हाय की सकाळधरनं."

क्षितिजानं पिंपातून दोन ग्लासांत वाइन काढली. एक आईपुढे धरला. "घे. लोणी, व्हॅनिला, लाकूड. द्राक्ष कुठंय यात? सांग."

शारदाबाईंनी वास घेतला. लोणी कढवताना शेवटी जो खमंगपणा सुटतो, तोच. त्यामागे भाजलेला बदाम. त्यांना म्यूर्सो आठवलं. बर्गंडीतलं ते गाव, लग्नानंतरचा दुसरा हिवाळा, द्राक्षमळेवाल्या म्हाताऱ्याच्या तळघरात एकनाथरावांच्या कोटात गुंडाळून उभ्या असलेल्या त्या. म्हातारा वाकड्या दांड्यानं पिंप ढवळायचा आणि दर वेळी मान डोलवायचा, जणू आतलं कुणी त्याच्याशी बोलतंय. पहिला घोट घेतल्यावर त्यांना रडू आलं होतं आणि एकनाथराव हसले होते.

"बर्गंडीची पांढरी वाइन अशीच असते," त्या म्हणाल्या. "अंगानं भरलेली. तू करतेस ती उपाशी वाटते."

"अशी असायची. मी वर्षभर तिथं राबले, आई. त्याच गावात. आता तिथली पोरं ढवळत नाहीत. द्राक्ष लवकर तोडतात, लाकूड कमी करतात. ताठ हवी असते त्यांना वाइन. लिंबाची साल, ओला दगड, नुकती ओढलेली काडी..."

"काडेपेटीची? मग ती प्यायची की पेटवायची?"

किशोर खुदकन हसला आणि क्षितिजानं पाहताच पाइपाकडे बघू लागला.

"हस. पण का बदलले ते, विचार ना! त्यांच्या बापांच्या वाइन बाटलीतच मेल्या. वीस वर्षं टिकायला हव्या होत्या, त्या सात-आठ वर्षांत तपकिरी पडल्या. ढवळून ढवळून मऊ केलेल्या, त्यांच्यात दमच राहिला नव्हता. असं तिथं कितीतरी जण मानतात."

"मानू देत. चांगली वाइन मरत नाही."

"तू पाहिलीयस?"

"दाखवतेच तुला," शारदाबाई म्हणाल्या आणि जिना चढल्या. गुडघे दुखत होते, पण राग पुढे ढकलत होता.

बैठकीच्या कपाटात एक बाटली होती. म्यूर्सोच्याच त्या म्हाताऱ्याच्या मुलानं केलेली, एकनाथरावांनी शेवटच्या फेरीत आणलेली. तळघरातली प्रत्येक बाटली आडवी असायची. नवीन पोराला शारदाबाई पहिला धडा तोच द्यायच्या, की बूच ओलं राहिलं पाहिजे. ही एकच उभी होती. एकनाथरावांना जमिनीवर आडवं ठेवलेलं पाहिल्यापासून त्यांची ही बाटली आडवी करणं बाईंच्या जिवावर यायचं. दर वर्षी तिथीला त्या ती फोटोपुढे ठेवायच्या, समई लावायच्या, संध्याकाळी पुसून परत कपाटात.

त्या ती खाली घेऊन आल्या. क्षितिजाचा चेहरा उतरला. "आई, ही नको. बाबांची आहे."

"म्हणूनच."

बुचात स्क्रू फिरवला तर ते भुसभुशीत होऊन तुटलं. अर्धं आत पडलं. शारदाबाईंनी गाळणीतून ओतलं. ग्लासात कोऱ्या चहासारखं काहीतरी उतरलं. वास आला तो डागाळलेल्या सफरचंदाचा, मग ओल्या पुठ्ठ्याचा. तरी त्यांनी घोट घेतला. गिळला.

"बोल की," त्या म्हणाल्या. आवाज फाटला. "तुझंच खरं झालं. बोल."

क्षितिजानं ग्लास घेतला, हुंगला, उजेडात धरून पाहिला. आता एक वाक्य आणि सगळं संपलं असतं. शारदाबाई त्या वाक्याची वाट पाहत पदर घट्ट धरून उभ्या होत्या.

"यानं काहीच सिद्ध होत नाही," क्षितिजा म्हणाली. "ही वर्षानुवर्षं उभी होती. बूच वाळलं. उन्हाळ्यात कपाट तापतं, वर समईची धग. माझ्या पद्धतीची ठेवली असतीस तरी मेलीच असती."

"माझी समजूत काढू नकोस."

"काढत नाहीये. वाद करायचा तर खऱ्या मुद्द्यावर करू. ही बाटली माझ्या बाजूची साक्षीदार नाही."

शारदाबाई लेकीकडे बघत राहिल्या. हातात आलेला डाव ही पोरगी सोडून देत होती, तोही नाशिकला कळवायच्या दिवशी. चुकीच्या कारणानं जिंकायचं नाही, एवढी जिची जीभ आणि नियत चोख, तिच्या हातून वाइन काढून कुणाच्या हाती द्यायची? स्वतःच्या? स्वतःच्या हातांनी तर त्यांनी बूच वाळवलं होतं.

"किशोर, पाइप जोड."

"कंच्या पिंपाला?"

"सगळ्यांना."

आता दचकली ती क्षितिजा. "सगळी? आई, एक-दोन तरी ठेव. माझा अंदाज चुकला तर?"

"चुकेल. मग पुढच्या वर्षी तूच निस्तरशील. अर्धी तुझी, अर्धी माझी करून दोघींची नासायची नाही मला. आणि आवडली नाही तर मी तोंडावर सांगेन."

"ते तू सांगतेसच."

पंप घरघरला. पाइप थरथरून फुगला. क्षितिजा पहिल्या पिंपाशी वाकून उभी होती, गाळ वर ओढला जातोय का बघत. थोड्या वेळानं ती फोन घेऊन बाहेर गेली; तळघरात रेंज नव्हती. शारदाबाईंना दारातून तिची पाठ दिसत होती, शब्द ऐकू येत नव्हते. फोन लांबला. पोरीनं एकदा मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळेना.

क्षितिजा परत आली ती थेट टाकीकडे.

"काय म्हणाले?"

"चिडले. 'शेवटच्या क्षणी नाही म्हणता?' म्हणाले." तिनं टाकीच्या नळातून थोडी वाइन काढली, घोट घेतला आणि कपाळाला आठी घातली. "आई, ये. चव घे. मला नीट कळत नाहीये."