सूर कोण देतं?

अक्षर न् अक्षर खरं आहे. माझ्या तोंडात उरलेल्या दातांची शपथ, आणि जे पडले त्यांचीही. खोटं निघालं तर उद्यापासून माझ्या चहात साखर घालू नका.

तर आम्ही दोघी जावा फादरसमोर उभ्या होतो. थोरल्या जाऊबाई पुढे, मी त्यांच्या खांद्याआड. त्या ओठ हलवत होत्या आणि बोलत होते मी. कारण त्यांना आवाज नव्हता. गळ्यात गाठ झाली, डॉक्टरांनी ती काढली, गाठीबरोबर आवाजही गेला. उरली नुसती फुसफुस, ती फक्त मला कळायची.

जन्मभर शिंप्याच्या दुकानात काज-बटण करणारी बाई. पण चर्चमध्ये कुणाचं लग्न असो की कुणाला पोचवायचं असो, गायला ह्याच. सूर लावण्याआधी त्यांच्या गळ्यात एक बारीकसा अडखळा यायचा. सुईत दोरा ओवताना हात थबकतो ना, तसा. आणि मग सूर असा लागायचा की रडणारी माणसं रडायची विसरायची.

"काय म्हणतायत या?" फादरनी विचारलं.

"म्हणतायत, मुलांचा कॉयर काढायचाय. आणि म्हणतायत, तुम्ही आज फार देखणे दिसताय."

जाऊबाईंनी मला कोपर मारलं. मी अशीच दुभाषी. त्या एक बोलायच्या, मी पदरचे दोन घालायचे.

फादर हसले नाहीत. "ज्यांना आवाज नाही, त्या गाणं शिकवणार?"

जाऊबाईंनी ओठ हलवले. या वेळी मी पदरचं काही घातलं नाही. "म्हणतायत, माझ्यामागे इथे गाणारं कोणी नाही. मला हे चर्च मुकं ठेवून जायचं नाही."

फादर म्हणाले, "बिशप यायचेत. त्या रविवारी ऐकू. जमलं तर ठेवू, नाहीतर बंद."

शाळा सुटली की मुलं यायची. जाऊबाई समोर उभ्या राहून हातानेच शिकवायच्या. हात चढला की सूर चढवायचा, दोन बोटं मिटली की थांबायचं. मुलं शहाणी, सगळं उचललं. पण पहिला सूर द्यायचा कोणी? पेटीचा भाता उंदरांनी खाल्लेला. म्हणून मुलांच्या मागे मी उभी. माझा आवाज म्हणजे तेल न घातलेलं फाटक. मी सूर दिला की मुलं दाही दिशांना. घरी जाताना जाऊबाई ओठसुद्धा हलवायच्या नाहीत.

एका दुपारी मला शिंकांनी धरलं, सूर द्यायचा राहिलाच. जाऊबाईंनी हात वर केला आणि मुलं सगळी एकाच सुरावर लागली. माझी शिंक तिथल्या तिथे जिरली.

जाऊबाई घरी निघाल्यावर फादरनी मुलांना दारात अडवलं. "आज सूर कोणी दिला?"

मुलांनी वर बोट दाखवलं. दारावरच्या माळ्याकडे. जुन्या काळी गाणारे तिथे बसायचे. जिना वाळवीने खाल्ला म्हणून कधीच काढून टाकलेला. कबुतरांशिवाय वर जायला कोणाला वाट नाही.

"तिथे कोण आहे?"

"बाई," सगळ्यात धाकटी मुलगी म्हणाली. तिला आम्ही चिमणी म्हणायचो.

"बाई तर आत्ता गेल्या ना घरी?"

"गेल्या त्या खालच्या," चिमणी म्हणाली, आणि माळ्याकडे बघून हात हलवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी कान टवकारून उभी राहिले. हात वर गेला. कबुतरं घुमायची थांबली. आणि माझ्या डोक्यावरून आधी आला तो बारीक अडखळा, मग सूर. तो गळा मी ओळखणार नाही? माझ्या लग्नात तो गायला होता, माझ्या नवऱ्याला पोचवताना गायला होता. डॉक्टरांनी तो कापून टाकला. पण टाकला कुठे, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

फादरनी शिडी लावून पाहिलं. वर बोटभर धूळ, धुळीत कबुतरांच्या नखांच्या रेघा. माणसाचं पाऊल नाही. त्यानंतर ते त्या दारातून येताना पावलं भराभर टाकायचे.

जाऊबाईंनीही ऐकलं. माळ्याकडे पाहिलं, गळ्यावरच्या रुमालाला हात लावला आणि लाजल्या. बालमैत्रीण अवचित दारात यावी तशा.

बिशप आले त्या रविवारी मुलांनी माना वळवून वर पाहिलं, सूर आला, गाणं पार पडलं. बिशपनी विचारलं, "मुलं वर का बघतात?"

"भक्तिभाव," फादर म्हणाले. फादर खोटं बोलल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं. कॉयर राहिला.

पुढे थंडीत जाऊबाई गेल्या. शवपेटीसमोर मुलं उभी राहिली. मी जाऊबाईंसारखा हात वर केला. सगळ्यांनी माळ्याकडे पाहिलं. कबुतरं घुमतच राहिली. काही आलं नाही. फादरसुद्धा वर बघत थांबले होते. मग चिमणीने मान खाली आणली, शवपेटीकडे पाहिलं आणि सूर लावला. त्याआधी तिच्या गळ्यात बारीकसा अडखळा आला. तो तिला कोणी शिकवला नव्हता.

हे सगळं असंच घडलं. एक तेवढं पदरचं आहे. जाऊबाईंना तो सूर ऐकू आला नाही. मुलांना यायचा, मला यायचा, फादरना यायचा. त्यांना कधीच नाही. त्यांनी वर पाहिलं नाही, त्या लाजल्या नाहीत. बिशप आले त्या दिवशी घरी जाताना त्यांनी मला ओठांनीच विचारलं, "मुलांना सूर कोण देतं ग?"

"मी," मी म्हटलं.

त्या रस्त्यात थांबल्या. काज करून करून खरखरीत झालेलं बोट माझ्या गळ्यावर ठेवलं.

"सुधारला हो तुझा गळा," त्यांचे ओठ म्हणाले.