फाटकवालीचं दोनशे तेरावं पान

कुणी मानणार नाही, आणि मानूही नये, पण दोनशे बारा पानांची एक कादंबरी शिंपीमास्तरांनी बायकोला रोज एक पान याप्रमाणे तीन वर्षं वाचून दाखवली, आणि ती संपली नाही. पुस्तकाला कव्हर नव्हतं, लेखकाचं नाव नव्हतं. कापडाचे नमुने कापायला आणलेल्या रद्दीत ते आलं होतं.

तेव्हा मास्तरांचा मुलगा जाऊन चार महिने झाले होते. रंगकाम करताना परांचीवरून पडला, आणि त्याच्या आईनं अंथरूण धरलं. दुखणं काही नाही; उठायचं कशाला, एवढंच. दुकान पुढे, बिऱ्हाड मागे, मधे पडदा. पडद्याअलीकडे मास्तर मशीन मारायचे, पलीकडे ती छताकडे बघत पडायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, शहाणपण शिकवणाऱ्या नणंदा झाल्या. ती हूं की चूं करेना. चष्मा काढून ठेवला तो ठेवलाच. एका दुपारी घास भरवताना, काहीतरी बोलायचं म्हणून, मास्तरांनी ते पुस्तक उघडलं.

पुस्तकात एक फाटकवाली होती. रेल्वेच्या फाटकावर एकटीच. तिचाही तरणाताठा मुलगा तापानं गेलेला. पण सकाळी सहाची गाडी कुणासाठी थांबते थोडीच? फाटक लावायला तिला उठावंच लागे. रडत उठे, शिव्या घालत उठे. एकदा तर गाडीलाच दगड मारून परत झोपली.

आठव्या दिवशी सकाळी पडद्यामागून आवाज आला, "फाटकवाली उठली असेल का हो?"

मास्तरांच्या हातून कात्री पडली. "उठली तर! सहाची गाडी आहे ना."

"केस विंचरले असतील?"

"तसं लिहिलं नाही. पण विंचरले असणार. ड्रायव्हर बघतो."

"मेला चावट," ती म्हणाली. ड्रायव्हरला की नवऱ्याला ते कळलं नाही, पण तिनं कंगवा मागितला.

महिन्याभरात ती फाटकवालीच्या जोडीनं झाडलोट करू लागली, कांदा चिरू लागली, चष्म्यावाचून, बोटांच्या सवयीनं, गिऱ्हाइकांच्या शर्टांना काजं करू लागली. फाटकवालीनं एक दिवस काही खाल्लं नाही, तर हिनंही ताट सरकवलं.

दोनशे पाचाव्या पानाशी मास्तरांनी चोरून पुढे बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. शेवटच्या पानावर फाटकवाली सहाच्या गाडीसाठी फाटक लावते आणि स्वतः बाजूला होत नाही. पुढे दोन कोरे कागद.

आता शिंप्याला खोटं बोलायला शिकवावं लागत नाही. 'परवा नक्की' म्हणण्यात त्याचा जन्म जातो. मास्तर कोऱ्या कागदावर नजर रोखून वाचतच राहिले. सर्कशीची गाडी फाटकाशी बंद पडली, तेव्हा फाटकवालीनं हत्तीकडून डबे ढकलून घेतले आणि वर त्याच्या सोंडेत झेंडा दिला.

"हत्तीला हिरवा-लाल कळतो?"

"मला काय विचारतेस? मी लिहिलंय का?"

हत्ती तिनं चालवून घेतला. वेळापत्रक तोंडपाठ असलेली बकरीही चालवून घेतली. फाटकवाली उठतेय ना, मग बाकी काही का होईना.

मास्तरांना मात्र विचारणारं कुणी नव्हतं. पडद्याअलीकडे, मशीनच्या आवाजात, ते काय करत ते मशीनलाच ठाऊक. मुलाचं नाव घरात निघत नव्हतं. निघायचं ते फाटकवालीच्या मुलाचं. तिसऱ्या वर्षी एका दुपारी बकरीवरून ती चक्क खळखळून हसली, आणि मास्तरांना हाव सुटली. एवढं खपलं, तर आणखी थोडं का खपू नये?

"सहाची गाडी फाटकाशी हळू झाली," त्यांनी वाचलं. "दारातून एक जण उतरला. फाटकवालीनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. तिचाच मुलगा! ताप उतरला होता. कुठल्याशा दवाखान्यात नुसता पडून होता, लोकांनी चुकून भलत्यालाच..." मास्तरांना आता थांबवेना. "अंगात राखाडी कोट. डावा खांदा बोटभर खाली, म्हणून आतून तेवढ्याच बाजूला जाड पॅड लावलेलं. फाटकवालीनं खांद्यावरून हात फिरवला. पॅड अगदी बरोबर बसलं होतं. चालताना काही म्हणजे काही कळत नव्हतं."

काज करणारी सुई थांबली.

"अहो."

"हं."

"हत्तीच्या वेळी मी फार काही बोलले नाही."

मास्तरांनी पान उलटलं. तेही कोरंच होतं.

"डावा खांदा आपल्याचा होता. पॅड तुम्ही लावलंत. त्याच कोटात त्याला नेला."

"अगं, इथे छापलंय..."

"गेलेलं पोर गाडीतून उतरत नाही हो. हे पुस्तकात नाहीच. तुम्ही खोटं वाचताय. कधीपासून वाचताय?" तिनं शर्ट खाली ठेवला. "फाटकवाली केव्हाच मेली, हो ना?"