पितळी बुटका

माझ्या आत्याला घरात सगळे डिंक म्हणतात. हे नाव माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने ठेवलं. एखाद्या कामाला ती चिकटली की एक तर ते काम संपतं, नाही तर समोरचा माणूस हात टेकतो. मी आठवडाभराची रजा काढून तिच्याकडे गेले होते ती निवांत पडून राहायला. निवांतपणा राहिला बाजूला, एका स्क्रूपायी मी चार दिवस तिच्यामागे वणवण केली.

आत्या टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झालेली. आतोबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. पन्नाशीत त्यांची नजर हळूहळू गेली. दोन वर्षं ते घरात नुसते बसून होते, कुणाशी धड बोलायचे नाहीत. मग हट्टाने ब्रेल शिकले आणि दोघांनी मागच्या खोलीत उद्योग मांडला. आत्या पुस्तकं कॉम्प्युटरवर टाइप करते, ब्रेलचा प्रिंटर जाड कागदावर ठिपके उठवतो आणि आतोबा बोटांनी वाचून चुका काढतात. चूक सापडली की त्यांचा चेहरा असा खुलतो, जणू लॉटरी लागली.

प्रिंटर जुना, ट्रंकेएवढा. चालू झाला की कुणी भिंतीत खिळे ठोकतंय असं वाटतं, टेबल हादरतं, पाण्याचा पेला सरकत सरकत कडेला येतो. त्याची केबल हाताच्या पंज्याएवढी रुंद आणि जुन्या पद्धतीची. ती बसेल असं तोंड आजकालच्या कॉम्प्युटरला नसतंच. यांच्या कॉम्प्युटरला होतं, कारण तोही एका बंद पडलेल्या ऑफिसातून उचललेला.

मी पोचले त्याच्या दोनच दिवस आधी त्या कॉम्प्युटरने मान टाकली होती. डिस्कची वायर मदरबोर्डावर जिथे लागते त्या खोबण्याच जळाल्या होत्या. मेकॅनिकने पाहिलं आणि बोर्डावर एक वेगळी, अरुंद खाच शोधून काढली. त्यात नव्या पद्धतीची डिस्क बसते. बोटभर लांबीची चपटी पट्टी, तिला एसएसडी म्हणतात. त्याने ती आणली, जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवलं आणि खाचेत घातली. पण ही पट्टी खाचेत तिरकी बसते. तिचं दुसरं टोक दाबून स्क्रूने आवळावं लागतं. तो स्क्रू काही बोर्डावर नव्हता.

"बोर्डाबरोबर मिळतो तो, काकू. तुमच्याकडे डब्यात असेल, शोधा," असं म्हणून मेकॅनिकने ते टोक चिकटपट्टीने दाबलं आणि पंधरा दिवसांसाठी बाहेरगावच्या कामावर निघून गेला. घेतानाच डबा मिळाला नव्हता, तर त्यातला स्क्रू कुठून येणार?

सोमवारी सकाळी आत्याने छपाई सुरू केली. नवव्या पानावर प्रिंटर थांबला आणि पडद्यावर काळोख. झाकण उघडून पाहिलं तर चिकटपट्टी उष्णतेने सुटलेली आणि एसएसडी खाचेतून मान वर काढून उभी! आत्याने दुसरी चिकटपट्टी लावली. बाराव्या पानावर तेच. प्रिंटर दुसऱ्या टेबलावर नेला, तिथे एकोणिसावं पान आलं आणि पुन्हा तेच.

"राहू दे गं," मी म्हटलं. "मेकॅनिक आल्यावर छापा ना."

"आणि डॉक्टरीणबाईंनी काय करायचं?" आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाई म्हणजे फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी. जन्मापासून दिसत नाही. हे नाव आतोबांनी तिला पदवीच्या आधीच बहाल केलेलं. पुढच्या सोमवारी तिची शरीररचनेची परीक्षा होती. चौदापैकी बारा प्रकरणं यांनी तिला छापून दिली होती, हात आणि पाऊल ही दोन राहिली होती. मजकूर तिला ऐकून पाठ करता आला असता, पण मनगटातली आठ हाडं एकमेकांना खेटून कशी बसतात ते बोटाखालीच यायला हवं. उठावाच्या त्या आकृत्या आतोबांनी तीन आठवडे खपून जमवल्या होत्या.

"शुक्रवारी तिच्या हातात पडलं पाहिजे," आत्या म्हणाली आणि कॉम्प्युटरमधून तो बोर्ड एसएसडीसकट सोडवून टॉवेलात गुंडाळायला लागली.

मंगळवारी आम्ही कॉम्प्युटरची दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने टॉवेल उघडायच्या आतच निकाल दिला. "हे मॉडेल बंद झालं, मावशी. बोर्डच बदलून टाका."

"बदलते. मग माझ्या प्रिंटरची केबल कुठे लावू? तुमच्या कानाला?"

तो बिचारा हसला आणि त्याने सरमिसळ स्क्रूंचा एक पुडा पुढे सरकवला. आत्याने काउंटरवरच कागद पसरून एकेक स्क्रू लावून पाहिला. सगळे जाड. दुसऱ्या दुकानात जाड, तिसऱ्यात जाड. चौथ्या दुकानात तर विकणाऱ्याने तोंडाने नुसतं "च्" केलं. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे बारीक मिळाले, पण ते बोर्डाच्या भोकातून आरपार खाली पडले. आत्या वाकून फरशीवरून ते वेचत होती आणि मी मनातल्या मनात माझी रजा मोजत होते.

कोपऱ्यावर एका घड्याळवाल्या आजोबांचं टपरीएवढं दुकान होतं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि बोर्डाच्या भोकात सुईचं टोक फिरवून पाहिलं.

"तुम्ही स्क्रू शोधताय ना?" अखेर ते म्हणाले. "म्हणूनच सापडत नाही. बोर्डाच्या भोकाला तीन मिलिमीटरचे आटे आहेत. पट्टीला लागणारा स्क्रू दोनचा. मध्ये काहीतरी होतं. खालून जाड आट्यांचा, वरून बारीक भोकाचा एक छोटा खांब. तो आधी बोर्डात बसतो, त्याच्यावर पट्टी टेकते, आणि मग वरून स्क्रू."

"म्हणजे बुटका हवाय," आत्या म्हणाली.

"बुटका म्हणा. नेमक्या उंचीचा मात्र हवा. कमी पडला तर पट्टी वाकेल, जास्त झाला तर खाचेत नीट बसणार नाही." त्यांनी एका डबीतून दोनचा स्क्रू काढून दिला. "हा घ्या. तुमचं अर्धं काम झालं."

आत्या एवढी खूश झाली की बाहेर आल्यावर तिने मला कुशीत ओढलं. मला वाटलं, अर्धं राहिलंय. तिला वाटलं, अर्धं झालंय. आमच्या दोघींत एवढाच फरक.

बुधवारी भंगारवाला. त्याच्या शेडमध्ये मोडक्या कॉम्प्युटरचे बोर्ड पोत्यांत भरून ठेवलेले, काही नुसतेच ढिगात. "बघा किती बघायचे ते. पण विस्कटलेलं परत भरून ठेवा," एवढं बोलून तो वजनकाट्याकडे गेला. आम्ही दोघी टॉर्च घेऊन बसलो. बहुतेक बोर्डांना ती खाचच नव्हती. ज्यांना होती त्यांचे बुटके कुणीतरी आधीच काढून नेलेले. दुपार टळली, माझी कंबर बोलायला लागली, बोटं काळीठिक्कर झाली. पाच पोती झाली, हाती काही लागलं नाही.

घरी आतोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उजेड कसा आहे तिथे?"

"उजेड कसला? एक दिवा, तोही पिवळा."

"मग तुम्ही दोघी तिथे काय करताय? उद्या मी येतो."

गुरुवारी ते स्टुलावर बसले, मांडीवर जाड पिशवी पसरली आणि म्हणाले, "एकेक देत जा." आमचा बोर्ड त्यांनी आधी दोन्ही हातांनी नीट ओळखून घेतला. खाच कुठे, भोक कुठे, दोन्हींत अंतर किती. मग ढिगातला बोर्ड घ्यायचा, चार बोटं फिरवायची आणि बाजूला टाकायचा. मला एक बोर्ड उचलून द्यायला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या आत त्यांचा आधीचा झालेला असायचा. भंगारवाला वजन करायचं सोडून बघत उभा राहिला. मग स्वतःच पोती ओढून आणायला लागला.

तासाभराने आतोबांचा हात एका बोर्डावर थांबला. "हा बघ."

गंजलेला, पण होता. पितळेचा, डाळीच्या दाण्याएवढा. आत्याने तो बोर्ड आमच्या बोर्डाच्या खाचेशी धरून उंची पाहिली. तंतोतंत! तिने पक्कड घेतली, बुटका धरला आणि पिळला. तो हलेना. भंगारवाला म्हणाला, "थांबा मावशी, थोडं तेल सोडतो." पण आत्या कुठली थांबते? तिने जोर लावला आणि कट्कन आवाज झाला. बुटका पकडीत आला, त्याचे आटे मात्र तुटून बोर्डातच राहिले.

आत्या पोत्यावर बसली. पक्कड तिच्या हातात तशीच. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

"एक मिनिट थांबायला काय झालं होतं मला?" ती म्हणाली. "चार दिवस. चार दिवस हिंडले आणि एक मिनिट थांबले नाही."

आतोबांनी हात पुढे केला. "दे इकडे." त्यांनी तो तुकडा अंगठा आणि तर्जनीमध्ये फिरवला. "अगं, उंची तर पूर्ण आहे. वरचं भोकही आहे. आपल्याला माप हवं होतं, ते मिळालं. आता हे कुणाकडून तरी बनवून घ्यायचं."

"बनवणार कोण?"

"पलीकडे लेथ आहे," भंगारवाला म्हणाला. "पण तो माणूस जरा तिरसट आहे. मी सांगितलं असं सांगू नका."

लेथवाला टर्नर पंपाचे दांडे कातत होता. त्याने तो तुकडा तळहातावर घेतला आणि आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही त्याच्याकडून मुंगीला बूट शिवून मागतोय.

"हे? माझ्या मशीनवर मनगटाएवढं काम होतं, बाई. आज जमायचं नाही."

"बरं," म्हणून आत्या उपड्या पिंपावर बसली.

"अहो, आज नाही म्हटलं ना?"

"ऐकलं मी. तुमचं काम चालू द्या."

अर्धा तास गेला. टर्नर दांडे कातत होता, आत्या त्याच्या हातांकडे बघत होती. मध्येच तिने विचारलं, "हा मघापेक्षा हळू का फिरवताय?" त्याने तुटकपणे उत्तर दिलं. तिने पुढचं विचारलं. तिसऱ्या प्रश्नाला तो मशीन थांबवून नीट समजावून सांगायला लागला, आणि मी ओळखलं की डिंक लागला.

त्याने पितळेची एक बारीक सळी शोधून लावली. पहिला बुटका कापताना उडून भुशात हरवला. दुसरा झाला. टर्नरने तो आत्याच्या हातावर ठेवला, आतोबांनी तो मागून घेतला आणि जुन्या तुकड्याशेजारी ठेवून बोटाचं टोक दोन्हींवरून फिरवलं.

"केसभर उंच आहे."

"काका, मी पंचवीस वर्षं हेच करतोय."

"असेल. पण केसभर उंच आहे."

टर्नरने नाराजीनेच मापाचा व्हर्नियर लावला. माप वाचलं, पुसून पुन्हा लावला. मग आतोबांच्या बोटांकडे पाहिलं. "दोन दशांश मिलिमीटर," तो हळूच म्हणाला. "कळलं कसं तुम्हाला?"

"आम्ही ठिपके वाचतो. ते याहून थोडेच उंच असतात."

त्यानंतर तो टर्नर वेगळाच माणूस झाला. त्याने चहा मागवला, चष्मा बदलला आणि तिसरा बुटका असा केला की आतोबांनी नुसती मान हलवली. तसाच आणखी एक करून दिला. "एक लावायला आणि एक हरवायला," असं म्हणून स्वतःच मोठ्याने हसला.

शुक्रवारी सकाळी आत्याने तो बुटका बोर्डात हाताने फिरवून बसवला, पक्कड लावली नाही. त्यावर एसएसडीचं टोक दाबून धरलं आणि घड्याळवाल्यांचा स्क्रू आवळला. झाकण लावायच्या आधी आतोबांनी बोट फिरवून खात्री केली. मग प्रिंटर सुरू झाला. नववं पान गेलं. बारावं गेलं. एकोणिसाव्याला मी श्वास रोखून उभी होते, आणि आत्या शांतपणे कागदाचा पुढचा गठ्ठा उघडत होती. दुपारी दोनला शेवटचं, त्रेसष्टावं पान बाहेर पडलं आणि खोलीत एकदम शांतता झाली.

चारला डॉक्टरीणबाई आल्या. घरी जाईपर्यंतही त्यांना धीर निघेना. खुर्चीवर बसूनच मनगटाची आकृती उघडली. डाव्या हाताने वाचत होत्या आणि उजवं मनगट मधूनमधून टेबलाच्या कडेवर दाबून पडताळत होत्या.

"काका," त्या एकदम म्हणाल्या, "इथे चौथ्या आणि पाचव्या हाडाची नावं उलटी पडलीत."

आतोबांनी पान ओढून घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा पडला, मग कान लाल झाले, आणि मग ते इतके हसले की आत्या आतून धावत आली. ते पान पुन्हा छापलं.

परीक्षा झाल्यावर डॉक्टरीणबाईंचा आत्याला फोन आला तेव्हा मी माझ्या घरी परतले होते. आत्यानेच मला कळवलं. मनगटावर प्रश्नच आला नव्हता. पाऊलसुद्धा नाही. सगळा भर गुडघ्यावर आणि खांद्यावर.

"म्हणजे एवढी धडपड वाया गेली?" मी विचारलं.

"वाया कशी जाईल?" आत्या म्हणाली. मागे प्रिंटरची ठोकाठोक ऐकू येत होती, म्हणून ती ओरडूनच बोलत होती. "ती उद्यापासून प्रत्यक्ष रुग्णांना हात लावणार आहे. रुग्ण काय नुसते गुडघे घेऊन येतात का? आणि हे बघ, आणखी तिघांनी पुस्तक मागितलंय. फोन ठेवते, कागद संपत आलाय."