लेकीचं नाव

नावं ठेवणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. साबण, पंखा, दुधाची पावडर, काहीही बाजारात आणायचं असलं की कंपन्या त्याच्याकडे येत. कुठल्याही भाषेतल्या माणसाची जीभ अडखळणार नाही असं नाव तो शोधून देई. जोडाक्षर नको, ळ-ण नको, आणि कुठल्या मुलखात त्याचा भलताच अर्थ निघायला नको. "आपण लोकांना नावं ठेवली तर भांडणं होतात," बायको म्हणायची, "यांना पगार मिळतो."

प्रत्येक नाव आधी तिच्या तोंडून वदवून घ्यायची त्याची पद्धत. भाजी चिरता चिरता ती ते घोळवून घोळवून म्हणायची आणि निकाल द्यायची. 'मेबू' हे साबणाचं नाव तिनं लगेच पास केलं. "तोंडात एक दात नसला तरी म्हणता येईल."

एका सकाळी कपडे वाळत घालताना ती कोसळली. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला, उजवा हात गेला आणि वाचा गेली. दवाखान्यात तो उशाशी बसून होता. तिनं डोळे उघडले, बराच वेळ ओठांशी झटापट केली आणि म्हणाली, "मेबू."

आनंदानं तो नर्सला बोलवायला धावला. पण मग पाणी हवं असलं तरी मेबू, दुखलं तरी मेबू. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्याला बाहेर नेऊन समजावलं. "त्यांना सगळं कळतंय. शब्द तेवढे सापडत नाहीत. कधीकधी एखादाच हाताशी उरतो."

लेक दूरच्या शहरातून आली. तिचं नाव आईनं हट्टानं ठेवलेलं. सुरुवातीलाच जोडाक्षर, पोटात ण. "माझ्या लेकीला हाक मारायला लोकांना थोडे कष्ट पडू देत," असं म्हणाली होती. आता लेकीला पाहून तिचे डोळे भरून आले. "मेबू," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

जिन्यात लेक रडून घेत होती. "बाबा, तिला म्हणता येईल असं एखादं नाव द्या ना मला. साऱ्या जगाला देता."

बायकोला घरी आणल्यावर लेक कामावर परत गेली आणि तो पलंगाशी बसला. "मीनू म्हण. नाहीतर बेबी. बेबी सोपं आहे." तिनं ऐकून घेतलं. मग डावा हात उचलून त्याच्या तोंडावर ठेवला आणि मान हलवली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर ती रोज आपली आपणच बसायची. दातांमागे जीभ लावायची, श्वास ढकलायची. जोडाक्षरातलं पहिलं अर्धं अक्षर बाहेर पडायचं आणि पुढे गाडी अडायची. कपाळ घामानं डबडबायचं. "राहू दे गं," असं सुरुवातीला तो म्हणायचा. पुढे नुसता टॉवेल घेऊन शेजारी बसू लागला. लेकीचा फोन आला की ती तो दूर सारायची. नाव पुरतं आल्याशिवाय तिला बोलायचंच नव्हतं.

दुसरा झटका पहाटे आला. डॉक्टर पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

माणसं पांगल्यावर लेकीनं विचारलं, "आई शेवटी काय म्हणत होती?"

"तुझं नाव घेत होती. रोज."

"आलं तिला?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. पण तो म्हणाला, "पहिलं अर्धं अक्षर आलं, बाळा. त्याच्या पुढं नाही गेलं."

"कसं म्हणायची?"

त्यानं दातांमागे जीभ लावली आणि तिच्यासारखा श्वास ढकलला. लेक डोळे मिटून ऐकत होती.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.